फॉलोअपवाले आबा

मालवण तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत जा, एक आबा भेटतातच. काखेत रेक्झिनची पिशवी, पिशवीत गावभरच्या सातबाऱ्यांच्या झेरॉक्स. काम आपलं, अर्ज आपला, धावपळही आपलीच. आबा फक्त ‘फॉलोअप’ घेतात.

चतुर्थीला आलेल्या चाकरमान्याने वारस नोंदीचा विषय काढला, की आबा खुर्ची पुढे ओढतात. “अर्ज दिलंस मां? मगे टेन्शन घेव नको. फॉलोअप मी घेतंय.” हा शब्द त्यांनी मुंबईच्या नोकरीतून फंडाबरोबर आणला. तोवर वाडी नुसतं “काय झाला?” विचारायची. आबाही तेच विचारतात, पण कार्यालयाच्या दारात उभं राहून, आवक क्रमांकासकट.

फेरफार धरला की हरकतीसाठी १५ दिवस थांबावंच लागतं. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हे दिवस कोणी काही न करता सरतात. आबांचा सगळा पराक्रम नेमका याच पंधरवड्यात. रोज मुंबईला फोन : “आज आठवो दिवस. मी मागे आसंय म्हणान फाईल हलता हा!” आणि हरकत आलीच, तर ती बहुधा आबांच्याच चुलतभावाची असते. तिचाही फॉलोअप आबाच घेतात.

पैशाला मात्र शिवत नाहीत. चहा चालतो, सोबत भजी असली तर बरं. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली, तेव्हापासून आबा कट्टा-कसालमार्गे थेट ओरोसच्या कलेक्टर कचेरीपर्यंत पोचले. ती सवलतही, अर्थात, त्यांच्याच फॉलोअपमुळे मिळाली. १९९८ ला कोकण रेल्वे पुरी झाली, ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपी विमानतळाचं उद्घाटन झालं, तेही त्यातलंच. २०२४ मध्ये तलाठ्याचा ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाला, तेव्हा आबा म्हणाले, “मी सांगलेलंय.” नाक्यावर पुढाऱ्याचा ‘पाठपुराव्याला यश’ असा बॅनर लागला, तर ते खालून वर नीट वाचतात. “फॉलोअप आपलो, फोटो तेवढो त्यांचो.”

एकदा एका खवचट पोराने विचारलं, “आबानू, मुंबई-गोवा हायवेचा काय?”

आबांनी पिशवीची चेन लावली.

“रखडलो तो रायगडात. आपली हद्द खारेपाटणाक संपता.”