पॅनेल गेलंय म्हणे

पूर्वीच्या टीव्हीला पाठ होती. धपाटा घातला की चित्र यायचं. आताच्या सपाट टीव्हीला धपाटा घालायला जागाच नाही. आमचा बिघडला तेव्हा आवाज खणखणीत, मागचा दिवा चालू आणि पडदा मात्र कोरा. बाबांचं काही अडलं नाही. बातम्या ते तशाही डोळे मिटूनच ऐकतात. आईचं अडलं. मालिकेतल्या सुनेची साडी ऐकून कशी कळणार?

पहिल्या मेकॅनिकने एकही स्क्रू न काढता 'पॅनेल गेलं' म्हणून सांगितलं, तेही सुतक असल्याच्या आवाजात. नव्या पॅनेलच्या किमतीत जवळजवळ नवा टीव्ही येतो, हे त्यालाही ठाऊक होतं.

दुसरा मुलगा पुण्यातल्या तपकीर गल्लीत काम शिकलेला, अबोल. त्याने मागचं झाकण काढलं आणि वरच्या बाजूच्या एका अरुंद बोर्डावर बोट ठेवलं. हा टी-कॉन. याला बारा व्होल्ट मिळतात. त्यातून हा काचेसाठी पंचवीस-तीस व्होल्ट बनवतो, शिवाय थोडे उणे व्होल्टही.

"उणे म्हणजे बिल कमी येतं का?" बाबांनी विचारलं.

काचेकडे दोन चपट्या रिबन जातात, डावी आणि उजवी. पुढे कुठेही शॉर्ट असला की टी-कॉन स्वतःला वाचवायला सगळंच बंद करतो. मुलाने उजवी रिबन उपसली, टीव्ही उभा करून चालू केला, आणि अर्ध्या पडद्यावर चित्र! सासू दिसत होती, सून गायब.

"राहू दे रे असंच," आजी म्हणाली.

म्हणजे दोष उजव्या बाजूला. त्याने मल्टिमीटर बीपवर लावून तिथले तिळाएवढे कपॅसिटर तपासले. पहिला वाजला, दुसरा वाजला, तिसराही. एकाच लाइनवर सगळे समांतर जोडलेले, म्हणून गुन्हेगार एक असला तरी पोलिसांनी अख्खी चाळ उचलावी तसं होतं. मग त्याने त्या लाइनला बाहेरून अगदी कमी व्होल्ट दिले आणि ब्रशने सगळ्यांवर स्पिरिट फिरवलं. आम्ही घरातले सगळे वाकून बघत होतो. ओलावा सगळीकडे चमकत होता. एका कपॅसिटरवरचा मात्र बघता बघता उडाला. शॉर्ट झालेल्यातून करंट जातो, तोच तापतो, तोच आधी वाळतो. इतकं सरळ निदान मी आजवर माणसांच्या दवाखान्यातही पाहिलेलं नाही.

सोल्डरिंग गन टेकवली, चिमट्याने तो तीळ उचलला, रिबन लावली. सून परत आली. साडी मोरपंखी होती.

"नवा नाही बसवणार?" बाबा.

"त्या लाइनवर बाकीचे आहेत, काका. चालतं."

मजुरीचा आकडा ऐकून बाबा सरसावले. "अरे, तू तर उलट एक पार्ट काढून घेतलास. त्याचे पैसे कसले?"

मुलाने चिमट्यात धरलेला तीळ पुढे केला. "परत लावून देऊ का?"

आईने बाबांचं पाकीट आणून दिलं.