पांघरुणावरून पट्टा

विमानात मिळालेला पायजमा घरी आणायचा असतो की उतरताना सीटवर घडी करून ठेवायचा असतो, यावरून आमच्या घरात अजून वाद आहे. मी ‘आणायचा असतो’ या पक्षाचा. लांब पल्ल्याच्या बिझनेस क्लासमध्ये काही कंपन्या रात्रीसाठी पायजमा आणि वर घालायला सैल बंडी देतात. सपाता, मोजे, डोळ्यांवरची पट्टी, कानांतले बोळे आणि ओठांचं मलम ठेवलेली चिमुकली पिशवीही देतात. एवढं आपलं. दुलई, उशी, अंथरूण, हेडफोन त्यांचं. हा कायदा मी निघण्याआधीच पाठ केला होता. बायकोचा आक्षेप कायद्याला नाही, मापाला आहे. ‘आनाचाच होता तं मापाचा तरी आनाचा,’ असं ती अजून म्हणते. माझ्यापर्यंत येईस्तोवर मध्यम माप संपलं होतं. जे उरलं त्यात मी आणि खामगावातला आणखी एखादा सद्गृहस्थ सुखाने राहिलो असतो.

अमेरिकेचं तिकीट मुलीने क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर काढलं होतं. यात माझं कर्तृत्व इतकंच की मी तिचा बाप आहे. तरी विमानतळावर वेगळ्या रांगेत उभा राहिल्याबरोबर मान आपोआप ताठ झाली. शेजारच्या लांबलचक रांगेकडे मी ज्या दयाबुद्धीने पाहिलं ती माझ्यात कुठून आली कोण जाणे. आजवर मी त्याच रांगेत लोकांच्या ट्रॉल्या घोट्यावर झेललेल्या आहेत. आत गेल्यावर एक मुलगी सीटपाशी गुडघ्यांवर बसली, माझ्या नजरेच्या उंचीला आली आणि मला आडनावाने हाक मारून विचारती झाली, आपण केव्हा झोपणार? हा प्रश्न मला आईनंतर कोणी विचारला नव्हता, आणि आईच्या प्रश्नात हात उगारलेला असे. तिला माझं नाव माहीत आहे याचा आनंद पुढच्या सीटवरच्या माणसालाही तिने तसंच नावाने विचारीपर्यंत टिकला. हातातल्या टॅबवर सगळ्यांची यादी होती.

मग ती म्हणाली, आपलं अंथरूण घालू का? मी संकोचून स्वतःच दुलईचं टोक धरलं. तिने ते हळूच माझ्या हातून सोडवून घेतलं. आमच्याकडे पाहुणा अंथरुणाला हात लावतो, यजमान ‘राहू द्या हो’ म्हणतो, पाहुणा ‘त्यात काय’ म्हणतो आणि अखेर दोघे मिळून चादर उलटी घालतात. हा विधी तिला ठाऊक नव्हता. रीत अशी की ती अंथरूण घालीत असताना आपण स्वच्छतागृहात जाऊन पायजमा चढवायचा. मी चढवला. एका पायावर उभं राहून, दोन्ही भिंतींना कोपरं टेकवून चढवला, आणि बाहेर आलो तर सगळं केबिन त्याच करड्या पायजम्यात. लाखो रुपये मोजून आलेले उद्योगपती, वकील, डॉक्टर मंद उजेडात सपाता ओढत मोरीकडे जाताहेत. मला तर थेट सामान्य रुग्णालयाचा वॉर्ड आठवला.

न्यायचं काय आणि ठेवायचं काय, ही चिंता माझ्या एकट्याची नाही. व्हर्जिन अटलांटिकच्या वरच्या वर्गात विमानाच्या आकाराच्या मीठ-मिरीच्या डब्या असतात. लोक त्या इतक्या पळवू लागले की कंपनीने त्यांच्या तळाशीच छापून टाकलं, व्हर्जिन अटलांटिकमधून ढापलेलं. आपण स्टीलच्या भांड्यांवर नाव घालतो ते वाटी शेजाऱ्याकडून परत यावी म्हणून. यांनी चोराच्या सोयीसाठी घातलं. आमच्या एअर इंडियाची ऐट आणखी वरची. 1967 मध्ये तिने खाशा प्रवाशांना भेट द्यायला साल्वादोर दाली या चित्रकाराकडून रक्षापात्रं घडवून घेतली. दालीने मोबदल्यात पैसे न मागता हत्तीचं पिल्लू मागितलं, आणि कंपनीने ते बंगळूरहून रवाना केलंसुद्धा.

रेल्वेने मात्र कोणाला काही भेट दिलं नव्हतं, तरी लोकांनी घेतलं. 2017-18 या एका वर्षात एकट्या पश्चिम रेल्वेच्या वातानुकूलित डब्यांतून सुमारे 1.95 लाख टॉवेल आणि 81 हजारांवर चादरी नाहीशा झाल्या. आमच्या खामगाव शहराची 2011 च्या जनगणनेतली वस्ती जेमतेम 94 हजार. माणशी दोन टॉवेल येतात. हे ऐकल्यावर डब्याच्या शौचालयात मग्याला साखळी का असते ते कळतं.

पूर्ण सपाट होणारी गादी बिझनेस क्लासमध्ये ब्रिटिश एअरवेजने 2000 मध्ये आणली म्हणतात. खामगावात ती त्याआधीपासून आहे.

आणि गादीचा विषय निघालाच आहे तर मला थांबवू नका. उन्हाळ्यात पिंजारी दारात यायचा. अंगणात जुनी गादी उसवली जायची, आतली दबून घट्ट झालेली रुई बाहेर निघायची, आणि वर्षभर आपण कशावर झोपत होतो ते सगळ्या आळीला दिसायचं. तो त्याच्या उंच कमानीची तांत रुईत बुडवून मुठीने छेडायचा, तेव्हा तिचा असा काही घुमारा उठे की आमचा अभ्यास आपोआप बंद पडे. बघता बघता ढेकळांचा ढग व्हायचा. आजी खाटेवर बसून पहारा करायची, कारण पिंजारी चांगली रुई काढून घेतो आणि खाली सरकीचा माल भरतो हा तिचा जन्मभराचा संशय होता. तो बिचारा दरवर्षी ‘आजी, वजन करून घे,’ म्हणायचा, ती दरवर्षी वजन करायची, वजन दरवर्षी बरोबर भरायचं, आणि संशय दरवर्षी वाढायचा. मग पट्ट्यापट्ट्यांच्या खोळीत रुईचे थर, वरून काठीचा मार, दाभणाने घातलेले टाके. त्या रात्री नव्या गादीवर पहिल्यांदा कोणी झोपायचं यावरून भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या. गादी इतकी फुगीर की मधोमध झोपलेला पहाटेपर्यंत कडेने खाली आलेला असे.

हे मी उगाच सांगत नाही. (उगाचच सांगतो आहे, पण कारणही आहे.) खामगाव हे कापसाचं गाव. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी माजली, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि साहेबाची नजर वऱ्हाडाकडे वळली. 1870 मध्ये जलंब ते खामगाव हा आठ मैलांचा फाटा झाला. त्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. आठ मैलांसाठी व्हाइसरॉय! आजकाल आठ मैलांच्या रस्त्यावरचे खड्डे बुजवायला शाखा अभियंता येत नाही. गाठी जलंबला गेल्या, तिथून मुंबईला, तिथून बोटीने विलायतेला, आणि तिकडच्या लोकांना उत्तम झोप लागली. तेव्हा जगाच्या झोपेत आमचा वाटा आहे, अशी माझी लहानपणापासून घमेंड. त्या रात्री मी याच घमेंडीने दुलईचा कोपरा उलटून चिठ्ठी वाचली. शंभर टक्के पॉलिएस्टर.

खरं सांगतो, राग आला. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. त्या तिकिटाची रोख किंमत मुलीने मला सांगितली नव्हती, मी गुपचूप पाहून ठेवली होती. आता तिला क्विंटलने भागायला घेतलं. भागाकार पुरा होण्याआधीच मी दुलई पायांवरून बाजूला केली. पाचेक मिनिटांत थंडी वाजली तेव्हा परत घेतली. तत्त्व आपल्या जागी, गारठा आपल्या जागी.

आता झोपायचं. विमानातली हवा आपल्याकडच्या मे महिन्याच्या दुपारइतकी कोरडी असते, आणि आतला दाब इतका कमी ठेवतात की माणूस कळसूबाईच्या शिखराहूनही उंच जागी बसल्यासारखा असतो. म्हणून ते मलम. मी ओठांना लावलं, डोळ्यांवर पट्टी ओढली, बोळे घातले आणि ताठ पडून राहिलो. झोप येईना. येणार कशी? झोपलो तर हे सगळं वाया. सपाट गादीचं सुख घ्यायचं तर जागं राहायला हवं, आणि जागं राहिलं तर गादी कशासाठी? शिवाय मी घोरतो. शेगावहून विदर्भ एक्सप्रेसमध्ये चढलो की मी मोकळ्या मनाने घोरतो, कारण तिथे समोरच्या बर्थवरचा माणूस ‘भाऊ, कूस बदला जरा’ म्हणून पायाला हलवतो आणि दोघेही परत झोपतात. इथे कोण हलवणार? पलीकडच्या सीटवरचा गोरा गृहस्थ तर असा घोरत होता की इंजिनात काही बिघडलं असतं तरी कळलं नसतं, आणि आजूबाजूचा एकजण चकार शब्द बोलत नव्हता. बहुधा घोरणंही तिकिटात धरलेलं असावं. पण मला ते जमेना. बुलढाणा जिल्ह्याची अब्रू राखत मी बरीच रात्र उताणा, तोंड मिटून, जागा होतो.

मग सुचलं की निदान झोपलेला फोटो तरी हवा. ती मुलगी पाणी घेऊन आली तेव्हा मी तिला विनंती केली, मी झोपल्यावर माझा एक फोटो काढाल का? आणि ताबडतोब झोपलो. तिने न हसता दोन-चार काढले, एक पट्टीसकट, एक पट्टीविना. तिला याची सवय असावी. उतरल्या उतरल्या मी तो कॉलेजच्या मित्रांच्या गटावर टाकला. पहिलं उत्तर चिखलीहून आलं : ‘भाऊ, आयसीयूत कधी भरती झाले? कोनी सांगतलं बी नाई.’

तीच मुलगी जाता जाता आणखी एक सांगून गेली होती. झोपणार असाल तर पट्टा दुलईच्या आत बांधू नका, वरून बांधा. मध्येच हवा खराब झाली तर आम्हाला पट्टा दिसायला हवा. नाही दिसला तर तुम्हाला उठवावं लागतं. म्हणजे तुमची झोप मोडू नये, आणि तुम्ही झोपेत छताला आपटूही नये, या दोन्हींचा विचार कोणीतरी बसून केलेला. मी पांघरुणावरून पट्टा बांधला, आणि का कोणास ठाऊक, मला आमच्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या आठवल्या.

आमच्या जिल्ह्याला विमानतळ नाही. रात्रीची झोप आणि लांबचा प्रवास एकत्र करायचा तर स्लीपर कोच. संध्याकाळी बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव इथून गाड्या सुटतात आणि आमची अर्धी तरुण पिढी त्यांत आडवी होऊन पुण्याला जाते. रेक्झिनची गादी, मागल्या प्रवाशाच्या केसांच्या तेलाचा वास असलेली उशी, न सरकणारा पडदा. डबलमध्ये अनोळखी माणूस आला तर पाठीला पाठ लावून झोपायचं, एवढाच शिष्टाचार. कधी पाण्याची बाटली, आणि उलटीसाठी पिशवी मागितली तर. आपत्कालीन दार कुठे आहे हे हात हलवून दाखवणारं तिथे कोणी नसतं. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर, दीडच्या सुमारास, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला नागपूरहून पुण्याला निघालेली अशीच एक बस उलटली आणि पेटली. 25 माणसं गेली. बहुतेक झोपेत होती. कारणं, तपास, दोष यांवर पुष्कळ बोलून झालं; ते मी इथे उकरत नाही. मला एवढंच दिसतं की त्यांनी चपला खाली काढून ठेवल्या असतील, मोबाइल चार्जिंगला लावला असेल, सकाळी पोचलो की कळवतो असं घरी सांगितलं असेल आणि विश्वासाने पांघरूण ओढून घेतलं असेल. त्यांना ‘पट्टा वरून बांधा’ म्हणायला कोणी नव्हतं. बांधायला पट्टाही नसतो.

परत आल्यावर मी ती चिमुकली पिशवी पुतण्याला दिली. तो पुण्यात नोकरीला आहे, महिन्या-दीड महिन्याने येऊन-जाऊन असतो. डोळ्यांची पट्टी त्याला आवडली; ओठांचं मलम आमच्या सौभाग्यवतींनी टाचांच्या भेगांना लावून संपवलं होतं. त्याला गाडीत बसवायला मी स्टॉपवर गेलो, आणि माझ्यात बिझनेस क्लासचा अंश अजून शिल्लक असल्यामुळे आत शिरून पाहणी केली. मागची काच फोडायचा हातोडा कुठे असतो, असं विचारलं. क्लीनरने माझ्याकडे, मी काच फोडायलाच आलो आहे, अशा नजरेने पाहिलं. पुतण्या खाली मान घालून मोबाइल चाळू लागला. हातोडा सापडला, सीटखाली, कांद्याच्या पोत्यामागे. तो मी सगळ्यांसमक्ष जागेवर लावून घेतला.

मग केबिनच्या दाराशी जाऊन ड्रायव्हरला विचारलं, दुपारची झोप झाली का?

त्याने पुडी फोडता फोडता माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. अमेरिकेची वेळ अजून माझ्या अंगातून उतरली नव्हती.

‘माही झाली न काका,’ तो म्हणाला. ‘तुमचीच झालेली दिसत नाई.’