अपेक्षा तुमची, तरतूद गोपनीय

उज्जयिनीच्या फ्रीगंजातील एका सायबर-दुकानात बसून इंदूरच्या कंपनीकडे अर्ज धाडणाऱ्या आमच्या गल्लीतील एका पदवीधराने जन्मतारीख, शिक्षण, अनुभव इत्यादी सर्व मजकूर बिनतक्रार भरला; परंतु ‘सध्याचे वेतन’ आणि ‘अपेक्षित वेतन’ या दोन रकान्यांपाशी त्याची बोटे जी अडखळली, ती काही केल्या पुढे सरकेनात. ‘चर्चेअंती ठरवू’ असे त्याने मोठ्या विनयाने लिहिले, तेव्हा ‘फक्त अंक लिहावेत’ अशी तांबड्या अक्षरांतील ताकीद पडद्यावर झळकली.

विक्रमाच्या नगरीतील उमेदवाराला हे संकट परके वाटू नये. बोलला तर वेताळ निसटतो आणि उत्तर ठाऊक असून गप्प राहिला तर मस्तकाची शकले होतात, तीच गत येथे आहे: आकडा थोडका लिहावा तर तेवढ्यावरच बोळवण, भारी लिहावा तर मुलाखतीचे बोलावणेच नाही, आणि रकाना रिकामा ठेवावा तर अर्ज पुढे सरकत नाही. वेताळ निदान गोष्ट तरी सांगत असे.

शिंद्यांची गादी 1810 साली ग्वाल्हेरीस जाण्यापूर्वी उज्जयिनीत होती. त्या अमदानीत पगार थकला म्हणजे शिपाई सरदाराच्या दाराशी धरणे धरीत. आणि महादजींनी द ब्वाञ या आपल्या युरोपीय सेनानीच्या कंपूच्या खर्चासाठी दुआबातील मुलूख लावून दिला, तेव्हा वेळेवर पगार मिळणाऱ्या त्या कंपूची शिस्त सर्वत्र वाखाणली गेली. थकबाकी मागायची तर ठरलेली रक्कम उभयपक्षी ठाऊक असावी लागते. सरकारदरबारी ती रीत अद्याप टिकून आहे. सातव्या वेतन आयोगानुसार 1 जानेवारी 2016 पासून किमान मूळ वेतन 18,000 रुपये, हे कारकुनापासून सचिवापर्यंत सर्वांना मुखोद्गत आहे. खाजगी आस्थापनांस मात्र पदासाठी केलेली तरतूद हे राजगुह्य वाटते, आणि उमेदवाराच्या हाती गेल्या महिन्यात काय पडले, ही सार्वजनिक मालमत्ता! पुढे घसघशीत ‘सीटीसी’, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च, जाहीर होते, तेव्हा मालकाच्या वाट्याचा 12 टक्के भविष्यनिर्वाह निधी आणि साधारणतः पाच वर्षे तग धरल्यावर मिळणारे उपदान, हीदेखील त्याच आकड्यात कोंबलेली आढळतात.

युरोपीय संघाने 2023 साली निर्देश काढून मागील पगार विचारण्यास मनाई केली, वाटाघाटीपूर्वी वेतनाची कक्षा सांगणे मालकांवर बंधनकारक केले आणि अंमलबजावणीसाठी सदस्य देशांना 7 जून 2026 ची मुदत दिली. हे वारे क्षिप्रेपर्यंत पोहोचेतो उमेदवारांनी इतके करावे: समपदस्थांकडून बाजारभाव काढून ठेवावा, रकान्यात त्यास अनुसरून आकडा लिहावा, हाती पडणारी रक्कम वेगळी विचारून घ्यावी, आणि ‘आपली अपेक्षा काय?’ असा प्रश्न येताच ‘आपली तरतूद किती?’ असे अदबीने विचारावे. त्यावर साहेबांना राग आलाच, तर त्या कंपनीत पहिल्या तारखेला काय घडत असेल, याचा अंदाज फुकट मिळाला असे समजावे.