दशांशचिन्हापुढे बारा घरे: सॉल्व्हर वापरणाऱ्या नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

साहित्य: एक लॅपटॉप, मालवाहतुकीची सर्वांत स्वस्त योजना शोधणारा एक सॉल्व्हर, डिझेलचा अंदाजे दर, गोदामांतल्या साठ्याचा गेल्या वर्षीचा तक्ता आणि ‘अगदी अचूक उत्तर हवं’ म्हणणारे साहेब.

१. मॉडेल वाचण्याआधी टॉलरन्सला हात घाला. गुरोबी या सॉल्व्हरमध्ये अट किती मोडली तर चालेल याची सूट मुळातच एक दशलक्षांश ठेवलेली असते. ती विचार करून ठेवली असेल, अशी शंका मनात आणू नका. थेट तळ गाठा. एक अब्जांशाखाली सॉल्व्हर जाऊ देत नाही. हा आपल्या कर्तृत्वावर अविश्वास आहे, असे समजा.

२. संगणकाची ऐपत विचारू नका. १९८५च्या आयईईई ७५४ मानकानुसार ‘डबल’ संख्येच्या अंकांना ५३ बिट मिळतात, म्हणजे साधारण पंधरा-सोळा दशमान अंक. ०.१ आणि ०.२ यांच्या बेरजेत सतराव्या घरात एक ४ घुसतो, तो याच तुटपुंज्या जागेमुळे. शिवाय किमान बिंदूपाशी आलेख परातीच्या तळासारखा सपाट असतो. तिथे जरा इकडेतिकडे सरकले तरी फलनाची किंमत जवळपास हलत नाही. म्हणून किंमत सोळा अंकांपर्यंत बरोबर आली, तरी तो बिंदू नेमका कुठे आहे हे साधारण आठ अंकांपर्यंतच कळते. आपण बारा मागा. सायपाय या पायथन लायब्ररीने ‘प्रिसिजन संपली’ अशा अर्थाचा संदेश दिला, तर तो कामचुकारपणा माना.

३. अवकलजाचे सूत्र हाताशी असेल तर लपवून ठेवा. सॉल्व्हरला दोन जवळच्या किमतींच्या वजाबाकीवरून उतार काढू द्या. सायपायमध्ये ही पावले साधारण दहा कोटींत दीड एवढी असतात. ती आणखी बारीक करा. जवळजवळ सारख्या दोन संख्या वजा केल्या की खरे अंक एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो तो राउंडिंगचा कचरा. उत्तर त्यातूनच निघेल.

४. एकके मुक्तपणे मिसळा: खर्च पैशांत, माल लाखो टनांत. गोदाम बंद असेल तर तिथून माल निघू नये, या अटीसाठी लागणारा ‘बिग एम’ भरघोस दहा लाख पोती ठेवा. गुरोबीत पूर्णांकासाठी एक लक्षांशाची सूट असते. म्हणजे गोदाम बंद असल्याचे सांगणारा, ‘शून्य’ म्हणवणारा चल प्रत्यक्षात ०.००००१ असू शकतो. त्याला दहा लाखांनी गुणा: कुलूप लावलेल्या गोदामातून दहा पोती बाहेर, आणि सॉल्व्हरच्या लेखी एकही अट मोडलेली नाही. ‘एम’च्या जागी गोदामाची खरी क्षमता लिहिली असती तर ही गंमत हुकली असती.

५. गुरोबीतला ‘गॅप’, म्हणजे सापडलेली योजना सर्वोत्तमापासून किती दूर असली तरी चालेल याची सूट, ०.०१ टक्का असतो, तो शून्य करा. एक कोटीच्या खर्चावर तो फार तर हजार रुपयांचा प्रश्न असतो. पण त्या हजारांसाठी मशीन रात्रभर चालू द्या. चांगली योजना बहुधा लवकरच सापडते. पुढचा वेळ याहून चांगली नाही, हे सिद्ध करण्यात जातो. तोवर डिझेलचा दर बदलेल.

एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये मात्र पूर्णांकांच्या प्रश्नात हीच सूट आपोआप १ टक्का असते. कोटीवर लाखाची. तिथे ढुंकूनही पाहू नका. घट्ट करण्याजोगी सूट तीच, पण ती ऑप्शन्सच्या खिडकीत असते आणि तिथे जायला एक क्लिक जास्त लागते.

६. अहवालात खर्च बारा घरांपर्यंत छापा. दर अंदाजे होता, हे परिशिष्टात सुद्धा नको.

धोक्याची सूचना: डिझेलचा दर दोन टक्के वरखाली करून मॉडेल पुन्हा सोडवण्याचा मोह टाळावा. योजना तशीच राहिली, तर ढिल्या टॉलरन्सवरही काम भागले असते हे उघड होईल. योजना बदलली, तर आधी दर नीट विचारून घ्यायला हवा होता हे. दोन्हींकडून बारा घरांची पंचाईत, आणि तपासायला लागतो एक फोन.