सरकारमान्य टमरेल

कॅनडात पाण्यावर मोटर चालवायची तर सरकारमान्य कार्ड लागतं. मोटर किती मोठी, याच्याशी सरकारला काही देणंघेणं नाही. होडीच्या मागे बॅटरीवरची चिमुकली मोटर लावलीत तरी कार्ड हवंच. वल्ही मारत बसलात तर मात्र कोणी विचारत नाही. घाम गाळणाऱ्याला सरकार तिथेही मोकळं सोडतं. १९९९ मध्ये हा नियम आला तेव्हा तो आधी पोरासोरांना लागू झाला, आणि सरसकट सगळ्यांवर सक्ती झाली ती १५ सप्टेंबर २००९ पासून. म्हणजे जन्मभर तळ्यात बोटी पळवलेल्या आजोबांना परीक्षेला बसायला दहा वर्षांची सवलत आणि नातवाला ताबडतोब पाटी-पेन्सिल.

मी साताऱ्याकडचा. आमचा पाण्याशी संबंध विहिरीपुरता, तोही काठावरून. पण आमच्या हिच्या मावसभावाने ओंटारिओत कावार्था भागातल्या एका तळ्याकाठी कॉटेज घेतलं आणि सोबत वीस हॉर्सपॉवरची ॲल्युमिनियमची बोटही. "दाजी, यंदा बोट तुम्हीच न्यायची बरं का," असं तो म्हणाला. दाजींनी मान डोलावली, कारण जावयाला पाण्याची भीती वाटते हे सासरी कळू द्यायचं नसतं. बोट भाड्याने घेतली असती तर सुटका होती. तिथे मालक तुमच्यासमोर सुरक्षेची यादी वाचतो, दोघांनी सह्या करायच्या, की तेवढ्या मुदतीपुरतं काम भागतं. पण मेहुण्याची बोट भाड्याची नसते, उपकाराची असते. कार्ड काढणं आलं.

अभ्यासक्रम ऑनलाइन. त्यात किमान तीन तास घालवलेच पाहिजेत, अशी अट. ज्याने आख्खी पदवी गाइडावर आणि शेवटच्या रात्रीवर काढली, त्याच्यासाठी ही शिक्षाच. पानाच्या कोपऱ्यात घड्याळ, ते शून्यावर येईपर्यंत पुढचं पान उघडत नाही. लाइफ जॅकेटचं चित्र मी इतका वेळ पाहिलं की त्याच्या बकलाशी माझी चांगलीच ओळख झाली.

पण वाचलं ते रंजक होतं, हे मान्य केलं पाहिजे. बोटी भोंग्याने बोलतात. एक छोटी शिट्टी म्हणजे मी उजवीकडे वळतोय. दोन म्हणजे डावीकडे. तीन म्हणजे इंजिन उलटं फिरतंय. पाच म्हणजे तुझं काय चाललंय ते मला कळत नाही आणि आता आपण आपटणार. मी हे मोठ्याने पाठ करत असताना आत कुकर लागला होता. तिसऱ्या शिट्टीला मी "रिव्हर्स!" म्हणालो, तर ही म्हणाली, "भात झालाय. गॅस बंद करा."

पाण्यात तरंगत वाट दाखवणाऱ्या बोयांचं प्रकरण याहून न्यारं. समुद्राकडून आत येताना किंवा प्रवाहाच्या उलट वर जाताना लाल बोया उजव्या हाताला ठेवायचा, हा तिथला नियम. मुंबई बंदरात शिरताना मात्र लाल डाव्या हाताला असतो. १९८० साली जगभरच्या दर्यावर्दी अधिकाऱ्यांनी टोकियोत बसून एकच पद्धत ठरवायचा घाट घातला, आणि शेवटी दोन ठरल्या. उत्तर-दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया आणि फिलिपिन्स एका बाजूला, उरलेलं जग दुसऱ्या. आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा याहून वेगळी होत नाही. म्हणजे मांडव्याच्या एखाद्या तांडेलाला उद्या टोरंटोला नेलं, तर आयुष्यभराचं शहाणपण त्याला उलटं करून घालावं लागेल. मला उलटं करण्यासारखं मुळात काहीच नव्हतं. हा अडाण्याचा एकमेव फायदा.

मग आली सामानाची यादी. माणशी एक लाइफ जॅकेट, किमान पंधरा मीटरचा तरंगणारा दोर, शिट्टी, वल्हं किंवा नांगर, आणि आत आलेलं पाणी उपसायला एक भांडं. या भांड्यात किमान ७५० मिलिलिटर पाणी मावलं पाहिजे आणि त्याचं तोंड किमान ६५ चौरस सेंटिमीटरचं हवं. म्हणजे टमरेल! ब्लीचचा रिकामा कॅन तिरका कापून तिथली मंडळी ते घरीच करतात. आमच्या पिढीने टमरेलाशी इतकं निष्ठेने आयुष्य काढलं, पण त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ कायद्याने ठरवणारं सरकार पहिल्यांदाच भेटलं.

दारूचा कायदाही वाचण्यासारखा आहे. ओंटारिओत पिऊन बोट चालवणं आणि पिऊन गाडी चालवणं सारखंच; पाण्यावर सापडलात तरी गाडीचं लायसन्स जातं. बोटीवर बसून प्यायचीच असेल तर त्या बोटीत कायमची झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि संडास हवा, शिवाय ती नांगरलेली किंवा धक्क्याला बांधलेली हवी. थोडक्यात, वन रूम किचन सेल्फ-कंटेन्ड. मेहुण्याच्या बोटीत ॲल्युमिनियमच्या दोन फळ्या होत्या. त्याचा चेहरा पडला.

एका धड्यापाशी मात्र माझा विनोद थांबला. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्ट हे प्राध्यापक थंड पाण्यात शरीराचं काय होतं ते पाहायला स्वतःच बर्फाच्या पाण्यात उतरत आले आहेत. लोक त्यांना लाडाने प्रोफेसर पॉप्सिकल म्हणतात. त्यांचं सूत्र एक-दहा-एक. गारठलेल्या पाण्यात पडलात की पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, मग हातपाय कामाचे राहतात ती जेमतेम दहा मिनिटं, आणि गारठ्याने शुद्ध हरपायला साधारण एक तास. पण तो तास मिळतो तो जॅकेट अंगात असेल त्याला. कायदा म्हणतो, जॅकेट बोटीवर असू द्या. मोठ्या माणसाने ते घातलंच पाहिजे, असं तो म्हणत नाही. बोटं आखडल्यावर पाण्यात तरंगणाऱ्या जॅकेटचं बकल कसं लावायचं, याचं उत्तर कायद्यात नाही.

परीक्षा पन्नास प्रश्नांची, पास व्हायला ७५ टक्के. चार पर्यायांतला सगळ्यात लांबलचक पर्याय बरोबर, हा आपला पिढीजात सिद्धांत अटलांटिकपलीकडेही चालतो. बोट उलटली तर काय करायचं? बोटीला धरून राहायचं. किनारा जवळ दिसत असला तर? तरी धरून राहायचं. लग्न टिकवलेल्या माणसाला हा भाग अवघड जात नाही.

कार्ड आलं, आणि मग कळलं की बोट चालवायला कोणी शिकवलंच नाही. अख्ख्या अभ्यासक्रमात पाण्याचा एक थेंब नव्हता. शिकवलं ते हिच्या तेरा वर्षांच्या भाचीने. कायद्याने बारा ते सोळाच्या आतलं मूल चाळीस हॉर्सपॉवरपर्यंतची बोट एकटं नेऊ शकतं. गाडीला हात लावायला मात्र त्याला सोळा पुरी व्हावी लागतात. तिने इंजिन बंद पाडणारी लाल पिळाची दोरी माझ्या मनगटाला अडकवली, बाळाला करगोटा बांधावा तशी, आणि मागच्या फळीवर बसवलं. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. ब्रेक नाहीत. धक्का समोरून येऊ लागला तेव्हा मी पायाने ब्रेक शोधत होतो आणि ती शांतपणे म्हणत होती, "काका, न्यूट्रल. काका, आत्ता. काका, किनाऱ्यापासून तीस मीटरच्या आत ताशी दहा किलोमीटर." बोट धक्क्याला टेकली. हलकेच टेकली असं मी म्हणतो. मेहुणा वेगळं म्हणतो, कारण पोचा त्याच्या बोटीला आला.

तरी माझं मत पक्कं आहे. हे कार्ड बोट चालवायला शिकवत नाही, नेमकं कशाला घाबरायचं ते शिकवतं, आणि त्यासाठी तीन तास काही जास्त नाहीत. आपल्यापैकी पुष्कळजणांची मुलं तिकडे आहेत. तिथल्या उन्हाळ्यात जाणार असाल आणि कोणी कॉटेजचं आमंत्रण दिलं, तर आधी कार्ड काढा आणि मग हो म्हणा. त्याला मुदत नाही, आयुष्यभर चालतं. फक्त बोटीवर जाताना ते जवळ असावं लागतं. तेवढी चेनच्या खिशाची पँट घेऊन जा.