स्वीडनच्या मुलखात उदरभरणाचा जाबता

परदेशप्रवासास निघणाऱ्या महाराष्ट्रीय गृहस्थाच्या सामानात पारपत्र, लोकरीचे बनियन आणि मेतकुटाची पुडी या तीन वस्तू असतातच. त्यांपैकी पहिलीची तपासणी सरकार करते, दुसरीची हवामान करते, आणि तिसरी आहे की नाही हे घरातील वडीलधाऱ्या बायका निघतेवेळी दोनदा पाहतात. एवढा बंदोबस्त असूनही स्टॉकहोमच्या स्टेशनावर उतरल्यावर तासाभरात ‘आता खायचे काय?’ हा जो प्रश्न उभा राहतो, त्याचे उत्तर प्रवासवर्णनांत सहसा सापडत नाही. कारण प्रवासवर्णनकारांची दृष्टी राजवाडे, सरोवरे आणि मध्यरात्रीचा सूर्य यांवर खिळलेली असते, आणि पोटाचा उल्लेख त्यांस ग्राम्य वाटतो. ही उणीव दूर व्हावी म्हणून, सर्व प्रयोग स्वतःच्याच पोटावर करून, पुढील जाबता सिद्ध केला आहे. तो पाळण्याची सक्ती नाही. मात्र न पाळल्यामुळे घडणाऱ्या उपासाची जबाबदारी लेखकावर राहणार नाही.

कलम पहिले : काळवेळ

स्वीडनमध्ये भूक घड्याळाकडे पाहून लागावी असा शिरस्ता आहे, आणि तो मोडणाऱ्याची फिर्याद ऐकण्यास कोणतीही कचेरी उघडी नसते. सकाळी अकरा-साडेअकराच्या सुमारास, म्हणजे पुण्यात सुटीच्या दिवशी दुसऱ्या चहाचे आधण नुकते ठेवलेले असते अशा वेळी, तेथील कारकुनापासून कारखानदारापर्यंत सर्वजण ‘दागेन्स रेत’ नावाचे दिवसाचे ताट घेण्यास बाहेर पडतात. या ताटाच्या एकाच किमतीत मुख्य पदार्थाखेरीज कोशिंबिरी, पाव, लोणी, पाणी आणि शेवटी कॉफी यांचा समावेश बहुधा असतो. कोशिंबीर व पाव स्वहस्ते वाढून घ्यावयाचे असून त्या कामी किती वेळा उठावे याविषयी कायदा मौन पाळतो, आणि मौन म्हणजे संमती हे आपल्या शास्त्रात पूर्वीच सांगितलेले आहे. मात्र दोनच्या सुमारास पातेली उचलली जातात, आणि तेच जेवण सायंकाळी मागावे तर किंमत अशी वाढलेली आढळते, की स्वयंपाक्याने त्यात सूर्यास्तही घातला असावा असा संशय येतो.

गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचे दाट सार आणि त्यामागून मुरंब्यासह गोड धिरडी देण्याची वहिवाट आहे. शुक्रवारच्या उपवासाची तजवीज आदल्या दिवशीच भरपेट करून ठेवण्याच्या कॅथॉलिक दूरदृष्टीतून ती निघाली, असे सांगतात. पुढे धर्मसुधारणेत उपवास गेला, सार तेवढे राहिले. उपवास सुटला तरी साबुदाण्याची खिचडी न सोडणाऱ्या समाजास हे निराळे समजावण्याचे कारण नाही. सारात डुकराचे मांस असते, हे मात्र शाकाहाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. इतिहासप्रेमी वाचकांस येथे हेही सांगितले पाहिजे, की १५७७ साली कैदेत मरण पावलेल्या चौदाव्या एरिक राजास वाटाण्याच्या सारातून विष दिले गेले अशी वदंता होती, आणि १९५८ साली त्याची कबर उघडली तेव्हा अवशेषांत सोमल खरोखरच सापडला. शिवाय १७७१ साली अडॉल्फ फ्रेडरिक राजा एका प्रचंड जेवणानंतर, ज्याचा शेवट दुधातील गोड पावाने झाला होता, परलोकवासी झाला. तात्पर्य एवढेच, की या देशात जेवणापासून भय आहे ते राजांस; रयतेने निर्धास्त बसावे.

कलम दुसरे : स्थळ

सायंकाळी रयत जेथे जाते त्या स्थळाचे नाव पिझ्झेरिया. वेस्तेरोस येथील आसेआ या विद्युत्‌यंत्रांच्या कारखान्यात, इटलीहून आणलेल्या कामगारांसाठी १९४७ साली उपाहारगृहात पिझ्झा झाला, तो स्वीडनमधील पहिला, असे सामान्यतः मानतात. त्यानंतर दोन दशकांनी स्टॉकहोममध्ये पिझ्झाची दुकाने निघाली, आणि पुढे तुर्कस्तान, लेबनॉन, युगोस्लाव्हिया अशा निरनिराळ्या मुलखांतून पोटासाठी वा जिवासाठी आलेल्या मंडळींनी हा धंदा गावोगाव नेला. परिणाम असा, की इटलीचा हा जिन्नस स्वीडनच्या थंडीत बहुधा अनातोलियाच्या वा बाल्कनच्या हातचा मिळतो, आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. उत्तरेकडील एखाद्या गावी बँक उठून गेली असेल, पोस्ट बंद झाले असेल, आगगाडी थांबेनाशी झाली असेल. परंतु पिझ्झेरियाचा दिवा तेवढा हिमवृष्टीतही जळत असतो.

निवडीची कसोटी सोपी आहे. मेजावर मेणबत्ती आणि घडी घातलेला कापडी रुमाल दिसल्यास उंबरठ्यावरूनच परत फिरावे. उलट, भिंतीवरच्या यादीत साठावर पिझ्झे क्रमवार लिहिलेले आहेत, कोपऱ्यात दूरचित्रवाणीवर चेंडूचा सामना चालू आहे, आणि मालक भट्टीकडे पाठ न करता त्याकडे पाहण्याची कसरत करीत आहे, असे दृश्य दिसले तर निःशंक आत शिरावे.

कलम तिसरे : यादीचे वाचन

यादीतील नावे इटालियन असली तरी अर्थ स्थानिक आहेत. ‘वेसुव्हिओ’ म्हणजे ज्वालामुखी नव्हे, तर चीज आणि डुकराचे मांस. ‘काप्रिचोसा’ म्हणजे तेच, अधिक अळंबी. या मांसास स्वीडिश भाषेत जो शब्द आहे त्याचा उच्चार देशाच्या बऱ्याच भागांत जवळजवळ ‘शिंका’ असा ऐकू येतो, आणि ही ईश्वरी योजनाच म्हटली पाहिजे. कारण यादी वाचता वाचता ‘शिंका’ आली की माशी शिंकली असे समजून शाकाहाऱ्याने पुढच्या क्रमांकाकडे वळावे, इतका निर्वाणीचा इशारा दुसऱ्या कोणत्याही भाषेने आपणांस दिलेला नाही. ‘विना’ या अर्थी ‘ऊतान’ हा शब्द पाठ करून ठेवावा. ‘ऊतान शिंका’ एवढे दोन शब्द स्वच्छ उच्चारता आले, की मराठी माणसाचे त्या देशातील भाषाशिक्षण पूर्ण झाले.

‘आफ्रिकाना’ नामक पिझ्झावर केळ्याच्या चकत्या, अननस, शेंगदाणे आणि पिवळी करीपूड असते. तिचा आफ्रिकेशी संबंध काय हे आफ्रिकेसही उमजणार नाही. आपल्याकडील विद्वान हे वर्णन ऐकून नाक मुरडतात. परंतु जो समाज शिकरण करून ती पोळीबरोबर खातो आणि त्यास सुग्रास म्हणतो, त्यास केळे आणि कणीक यांच्या समागमाविरुद्ध दरखास्त आणण्याचा अधिकार पोचत नाही. सर्वांत लोकप्रिय म्हणजे कबाबाचा पिझ्झा. त्यावर भट्टीतून काढल्यानंतर पांढऱ्या वा तांबड्या रश्शाची सढळ धार धरतात, आणि वर लोणच्यातली हिरवट मिरची ठेवतात. ती मिरची पाहून कोल्हापूरच्या वाचकांनी हर्षित होऊ नये; तिच्यात आंबटपणा पुष्कळ आणि तिखटपणा केवळ नावापुरता असतो.

कलम चौथे : कोबी

या जाबत्याचे हृदय हे कलम आहे. स्वीडनमध्ये पिझ्झाबरोबर चिरलेली कोबी मिळते, फुकट मिळते, आणि ती नसेल तर गिऱ्हाईक पिझ्झाच अपुरा समजते. एका कडेला मोठे पातेले असते, त्यात बारीक कापलेली कोबी तेल, सिरका, मीठ आणि मिरेपूड लावून मुरत ठेवलेली असते, क्वचित तांबड्या ढोबळ्या मिरचीचे दोन-चार धागे. आणि प्रत्येकाने चिमट्याने आपल्याला हवी तेवढी बशीत घ्यावयाची असते. मूळ ही बाल्कनची. तिकडच्या लोकांनी येताना पेट्यांत काय आणले असेल ते असो, जिभेवर ही आणली; आणि आज इटलीत जाऊन पिझ्झाबरोबर कोबी मागणारा इसम दिसला, तर तो स्वीडिश आहे हे ओळखावे.

आपणांस हा पदार्थ पाहताच ओळखीचा वाटतो, कारण ती फोडणीवाचून राहिलेली कोबीची पचडी आहे. मोहरी नाही, हिंग नाही, दाण्याचे कूट नाही. तरी घरापासून चार हजार मैलांवर, उणे पंधरा अंशांत, चिमट्याने पहिला घास उचलताना नरडे किंचित दाटून येते. ते सिरक्यामुळे येते असे सोबत्यांस सांगावे.

कलम पाचवे : शिष्टाचार

पिझ्झा एकेकट्याचा, अख्खा आणि बहुधा न कापता येतो. तो सुरी-काट्याने खावा, आणि ‘चौघांत एक’ अशी मागणी करून मालकास अर्थशास्त्राच्या विचारात टाकू नये. पिण्याचे पाणी नळाचे व उत्तम असते. रोख रकमेचा अभिमान बाळगू नये. कित्येक दुकानांच्या दारावर नाणी-नोटा घेत नसल्याची पाटीच असते, आणि शिवकालीन होन जसा आज बाजारात चालत नाही तसाच तेथे खिशातील क्रोना चालत नाही. रांगेत क्रमांकाची चिठ्ठी घ्यावी व दोन माणसांत तिसरा मावेल एवढे अंतर राखावे. त्या अंतरास रिकामी जागा समजून पुढे सरकणे हा आपल्याकडचा गुण तेथे गुन्हा ठरतो.

कलम सहावे : पिझ्झेतर

ज्यांस पिझ्झाचा कंटाळा आला असेल, त्यांच्यासाठी रस्त्याकडेच्या खिडक्यांत मऊ पातळ भाकरीत कुस्करलेला बटाटा आणि भाजलेले सॉसेज गुंडाळून देतात; त्यातील सॉसेज ‘ऊतान’ केले, की बटाट्याची भाजी-पोळी उरते. माल्मो शहरी मोल्लेवोंगेन भागात फलाफेल स्वस्त आणि चविष्ट मिळते, व ते शाकाहाऱ्यांचे काशीक्षेत्र होय. दुपारच्या कॉफीबरोबर दालचिनीचे पाव खातात, त्यांच्यासाठी १९९९ पासून ४ ऑक्टोबर हा स्वतंत्र दिवसच राखून ठेवला आहे. परंतु जाणत्याने वेलदोड्याचा पाव मागावा, कारण त्या कडाक्याच्या देशात बेकरीच्या दारातून येणारा वेलदोड्याचा वास क्षणभर श्रीखंडाच्या पंगतीत नेऊन बसवतो.

कलम सातवे : शुद्धतेचा आग्रह

शेवटी त्या प्रवाशाविषयी, जो पिझ्झेरियाच्या दारात उभा राहून म्हणतो, ‘येथे येऊन तुर्काच्या हातचे इटालियन काय खायचे? अस्सल स्वीडिश काय ते दाखवा.’ त्याच्यापुढे मांसाचे गोळे ठेवावेत आणि खात असताना पुढील कैफियत ऐकवावी. बारावा कार्ल राजा १७०९ साली पोल्ताव्हा येथे रशियाकडून पराभूत होऊन उस्मानी सुलतानाच्या आश्रयास बेंदेर येथे गेला, तेथे कर्ज काढून वर्षानुवर्षे दरबार चालविला, आणि १७१४ साली परतला तेव्हा त्याच्यामागून घेणेकरीही वसुलीसाठी स्वीडनपर्यंत आले. हे गोळे त्याने तुर्कस्तानाहून आणलेल्या पाककृतीवर आधारलेले आहेत, असे स्वीडनच्याच अधिकृत ट्विटर खात्याने २०१८ साली जाहीर करून टाकले, तेव्हा स्वीडिश नागरिकांस धक्का बसला. तुर्कांस तो बसल्याचे ऐकिवात नाही.

माझ्यापुरते हे कलम एका लहान गावी, फेब्रुवारीतील एका रात्री निकालात निघाले. दुकानात मी एकटाच होतो. कोबी बशीत घेतल्यावर, कोणी पाहत नाही अशा समजुतीने, मी खिशातून मेतकुटाची पुडी काढून तीवर चिमूटभर भुरभुरवली. मालक पाहत होता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी त्यास भाजलेल्या डाळी, धने, हळद, हिंग असे सांगू लागलो, तोवर त्याने बशीतील दोन पाने उचलून तोंडात टाकली, काही वेळ गंभीरपणे चावली, आणि काहीच न बोलता भट्टीकडे गेला. दुसऱ्या दिवशी मी दारातून आत शिरतो न शिरतो तोच त्याने कोबीच्या पातेल्याकडे बोट दाखवून विचारले, ‘ती पिवळी पूड शिल्लक आहे?’

पुडी तेथेच ठेवून आलो. मागून कोणी घेणेकरी गेलेला नाही. आणखी तीनशे वर्षांनी एखाद्या सरकारी खात्याने, कोबीवर भुरभुरवावयाची ही पूड मूळची तुर्की आहे असे जाहीर केलेच, तर त्याविरुद्ध प्रस्तुत लेखकाची हरकत आजच्या तारखेस दफ्तरी दाखल करून घ्यावी, ही विनंती.