मास्तरांची नाकाबंदी

चंद्रपूरच्या आमच्या तुकूममध्ये मला 'बिटकॉइनवाले सर' म्हणतात. माझ्याकडे बिटकॉइन नाही. अख्खं तर नाहीच, चिमूटभरही नाही. आहे तो फक्त नोड. म्हणजे बिटकॉइनच्या जाळ्यातला एक संगणक, जो जगभरच्या व्यवहारांची अख्खी वही स्वतःजवळ ठेवतो, नवीन पान आलं की नियमाला धरून आहे का ते तपासतो आणि ओळखीच्या नोडांकडे सरकवतो. याचा मोबदला शून्य. नवी नाणी मिळतात ती खाणकामवाल्यांना, आणि त्यांची यंत्रं वेगळी, वीजबिलं वेगळी, काळजंही वेगळी. हे मी चहाच्या टपरीवर इतक्यांदा समजावलं आहे, की आता टपरीवालाच नव्या गिऱ्हाइकाला सांगतो, "सर रातदिवस मशीन चालवून राहिले, बिल स्वतः भरून राहिले, भेटत काहीच नाही." गिऱ्हाईक यावर डोळा मारतं. कोळशाच्या जिल्ह्यात 'भेटत काहीच नाही' या वाक्याचा अर्थ लोक आपापल्या परीने लावतात.

सरकारदरबारी मात्र मी निष्कलंक आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना आभासी चलनापासून लांब राहायला सांगितलं, मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवलं, आणि २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर लागला. शून्याचे ३० टक्के शून्य. बारावीच्या वर्गाला जन्मभर गणित शिकवल्याचा मला झालेला हा पहिला आर्थिक फायदा.

हे खूळ डोक्यात भरवलं पुण्याच्या भाच्याने. "मामा, तुमचा जुना संगणक पडूनच आहे ना? नोड लावा. जगात कुठेही मालक नसलेलं जाळं आहे, आपण सगळे बरोबरीचे." निवृत्त माणसाला बरोबरीचं म्हणणारं कोणी भेटलं की तो काहीही विकत घेतो. मी एक टीबीची डिस्क घेतली. वही सहाशे जीबीच्या वर आहे, आणि मी ती उतरवून घ्यायला निवडला मे महिना. चंद्रपूरचा मे. पारा ४७ वर गेला की इथे कोणी बातमी म्हणून सांगत नाही. संगणकाचा पंखा घरघरायला लागला तेव्हा मी कूलरचं तोंड पलंगावरून टेबलाकडे वळवलं. सौभाग्यवती रात्रभर काही बोलल्या नाहीत. सकाळी चहाचा कप त्यांनी माझ्यासमोर न ठेवता की-बोर्डशेजारी ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या म्हणावं त्याला."

वीज हा आणखी एक विषय. गच्चीवरून महाऔष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात. २९२० मेगावॉट क्षमता आहे. तरीही वही नेमकी ९७ टक्के उतरलेली असताना आमच्या गल्लीतले लाइट गेले. संगणक परत सुरू झाला तो वहीची मागली पानं पुन्हा चाळत.

वही पूर्ण झाली, पण माझ्याकडे बाहेरून कोणी येईना. भाच्याने उलगडा केला: आपल्याकडचे बहुतेक ब्रॉडबँडवाले कित्येक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे घरातून बाहेर जाता येतं, बाहेरच्याला नेमकं आपलं दार सापडत नाही. मग मी आमच्या केबलवाल्याकडून दरमहा जादा पैसे मोजून स्वतंत्र पत्ता घेतला आणि राउटरमध्ये ८३३३ क्रमांकाचं पोर्ट उघडलं. केबलवाला मुलगा माझाच विद्यार्थी. "सर, कॅमेरा लावून राहिले का?" मी म्हटलं, नाही, जगाशी जोडला जातोय. तो काही न बोलता पावती देऊन गेला.

आणि मग ते येऊ लागले. नोड मुळात १२५ जोडण्या धरतो. त्यातल्या अकरा त्याने स्वतः बाहेर शोधायच्या असतात. उरलेल्या ११४ जागा येणाऱ्यांसाठी. माझा आकडा चढत गेला तसा मी चढत गेलो. त्यातल्या एका जोडणीने तर नावच सांगितलं होतं: जर्मनीतल्या कार्ल्सरूहची तंत्रज्ञान संस्था! मी टपरीवर जाहीर केलं, की जर्मनीचं विद्यापीठ तुकूमशी जोडलं गेलं आहे. दोन चहा माझ्या खात्यावर गेले. ते विद्यापीठ वर्षानुवर्षं जगातल्या दिसेल त्या प्रत्येक नोडशी असंच जोडलं जातं आणि जाळ्याचं मोजमाप करतं, हे मला नंतर कळलं. टपरीवर अजून कळलेलं नाही.

जगभरचे नोड दाखवणारा एक नकाशाही आहे. त्यावर मी आमचा ठिपका शोधला. तो नागपुरात निघाला. इंटरनेटच्या पत्त्यावरून गाव ओळखताना असं होतं म्हणे. होत असेल. पण चंद्रपूरचं काहीतरी नागपूरच्या नावावर गेल्याची सवय असूनही मी त्या दिवशी जेवलो नाही.

पुढे मी जोडण्यांची यादी उघडून तासन्‌तास बघत बसू लागलो, आणि तिथे माझं सुख संपलं. बरेच जण येत, रीतसर नमस्कार करत, म्हणजे आपली आवृत्ती सांगत, माझी विचारून घेत, आणि लगेच म्हणत: तुझ्या ओळखीच्या नोडांचे पत्ते दे. पत्ते मिळाले की गायब. वहीचं एक पान मागत नव्हते, एक व्यवहार पुढे देत नव्हते. काही नुसता नमस्कार करून काही सेकंदांत पसार. हे क्रॉलर. एका नोडकडून पत्ते घ्यायचे, त्या पत्त्यांवर जाऊन आणखी पत्ते घ्यायचे, आणि असं करत अख्खं जाळं पालथं घालायचं. समजा, ताडोबाच्या मोहर्ली गेटवर फेरीला ठरावीकच जिप्सी सोडतात, आणि त्यातल्या निम्म्या जिप्सींत वाघ बघायला आलेलं कोणीच नाही, सगळे आत किती जिप्सी आहेत ते मोजायला आलेले. माझ्या गेटवर हेच चाललं होतं.

यातले सगळेच साधे नसतात. मार्च २०२३ मध्ये टोपणनावाने लिहिणाऱ्या एका संशोधकाने दाखवून दिलं, की २०१८ पासून कोणीतरी आठशेच्या वर पत्त्यांवरून बिटकॉइनच्या नोडांना सतत जोडलं जात आहे, आणि कोणता व्यवहार कोणत्या पत्त्यावरून निघाला हे ताडण्याचा त्याचा बेत असावा. त्याला नाव पडलं लिंकिंगलायन. वाघांच्या जिल्ह्यात सिंह येऊन फिरतो आणि वनखात्याला पत्ता नाही! माझं रक्त तापलं. मी एकही व्यवहार कधी केलेला नव्हता, त्यामुळे माझं काय ताडणार हा प्रश्न तेव्हा सुचला नाही.

मी बंदी घालायला घेतली. सोय आहे तशी: पत्ता द्या, मुदत द्या, तो बाहेर. पहिल्यांदा बाहेर गेले ते नावं सांगणारे. जर्मन विद्यापीठही गेलं. मोठ्या समाधानाने झोपलो. सकाळी पाहतो तर गर्दी तेवढीच. फक्त आता सगळे स्वतःला सरळमार्गी नोड म्हणवत होते. नावाच्या रकान्यात कोणीही काहीही लिहू शकतो. मी खरं बोलणाऱ्यांना हाकललं होतं आणि लबाड आत घेतले होते. परीक्षेच्या हॉलमध्येही माझ्या हातून हेच होत असे, असं जुने विद्यार्थी सांगतात.

एकेक पत्ता बंद करून भागेना. क्रॉलर भाड्याच्या सर्व्हरवरून येतात, एक पत्ता बंद झाला की शेजारच्या पत्त्यावरून हजर. तेव्हा भाच्याने सांगितलं, की पत्त्यांचा पूर्ण पट्टाच बंद करता येतो. पत्त्यामागे स्लॅश देऊन २४ लिहायचं, २५६ पत्ते एकदम जातात.

हे ज्ञान घेऊन आम्ही दुसऱ्या एका भाच्याच्या लग्नाला धानोऱ्याला निघालो. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला मेंढा (लेखा) लागतं. २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. तिथे बांबू तोडायचा तरी ग्रामसभा बसते, आणि निर्णय बहुमताने नाही, सर्वांच्या संमतीने होतो. एकाने जरी मान हलवली तरी विषय पुढच्या बैठकीला. मी गाडीत मंडळींना हे कौतुकाने सांगितलं. त्याच दुपारी, अक्षता पडायच्या आधी, मी लग्नघराच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून, नेटवर्कची एक काडी मिळत होती तेवढ्या कोपऱ्यात, फोनवरून घरच्या मशीनमध्ये शिरलो. १०३ ने सुरू होणारा एक पत्ता सारखा ये-जा करत होता. म्हटलं, याला पट्ट्यासकट उडवू, पण २४ फार होतात, उगाच कोणा गरिबाला त्रास नको. स्लॅश आठ देऊ. २४ पेक्षा आठ लहान.

बंदी एरवी २४ तासांनी आपोआप उठते. मला पक्की हवी होती. सेकंदांत हिशेब केला: ६० गुणिले ६० गुणिले २४ गुणिले ३६५, म्हणजे ३,१५,३६,०००. हा गुणाकार तोंडी केला आणि अचूक आला, एवढं नोंदवून ठेवतो. बटण दाबलं, नेटवर्कची काडी गेली, खालून सनई सुरू झाली. सौभाग्यवतींनी जिन्यातून विचारलं, "अहो, मामा म्हणून उभं राहायचंय तुम्हाला, कुठे आहात?"

मामांना पुढल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. त्याचा नोड माझ्या नोडशी कायमचा जोडलेला असतो. तो आता जोडलाच जात नव्हता. आधी त्याला वाटलं, चंद्रपूरचे लाइट गेले. मग वाटलं, मशीन उन्हाने गेलं. शेवटी त्याने माझ्याकडून बंदीची यादी वाचून घेतली आणि बराच वेळ काही बोलला नाही.

"मामा, स्लॅशनंतरचा आकडा जितका लहान तितका पट्टा मोठा. तुम्ही १ कोटी ६७ लाख पत्ते बंद केलेत."

शिवाय १०३ चा पट्टा साधासुधा नाही. आशिया-पॅसिफिकच्या वाटणीतला हा शेवटचा मोठा साठा. २०११ पासून त्याचे छोटे छोटे तुकडे या भागातल्या नव्या, लहान इंटरनेटवाल्यांना वाटले गेले. भारतातले कितीतरी गल्लीबोळातले केबलवाले याच पट्ट्यात राहतात. भाच्याचा पुण्याचा केबलवालाही. एका भाडोत्री सर्व्हरपायी मी आपल्याच लोकांना वर्षभरासाठी वाळीत टाकलं होतं. मेंढ्याची ग्रामसभा एका बांबूसाठी जेवढा वेळ घेते, त्याच्या शतांशात.

आणखी एक गोष्ट लक्षात आली ती टपरीवर. "सर, तुमचा नागपूरचा ठिपका दिसून नाही राहिला गा," टपरीवाल्याने विचारलं. नकाशा ज्या क्रॉलरच्या मोजणीवर बनतो त्यालाही मी पहिल्याच रात्री हाकललं होतं. ज्याने मोजायचं त्यालाच बाहेर काढल्यावर गणतीत कुठून येणार?

भाच्याने मग जे सांगितलं ते ऐकून मला माझ्या सगळ्या रात्रींची कीव आली. या पाहुण्यांचा बंदोबस्त नोड स्वतःच करतो. सगळ्या जागा भरल्या आणि नवा कोणी आला, की आतल्यांपैकी कोणाला काढायचं ते तो ठरवतो. ज्यांचं उत्तर झटपट येतं, ज्यांनी नुकताच एखादा उपयोगाचा व्यवहार किंवा वहीचं पान दिलं, जे बराच काळ टिकून आहेत, असे काही राखून ठेवतो; मग ज्या भागातून सर्वांत जास्त जण आले असतील त्यातल्या सर्वांत नव्याला निरोप देतो. म्हणजे एकाच ठिकाणाहून झुंडीने आलेले क्रॉलर पहिले बाहेर. पत्ते मागणाऱ्यालाही तो सगळी डायरी उघडून देत नाही: फार तर एक हजार, आणि तेही आपल्याकडच्या साठ्याच्या २३ टक्क्यांच्या आत. शिवाय २०२१ पासून साधारण दिवसभर सगळ्यांना तीच ती यादी, कितीही वेळा मागा. क्रॉलर जेमतेम काही केबी डेटा खातात. माझं नेट खाणारे निघाले ते नवखे नोड, जे माझ्याकडून अख्खी वही उतरवून घेत होते. त्यांच्यासाठीच तर मी नोड लावला होता.

बंदीची यादी मी एका आज्ञेत पुसून टाकली. भाचा दोन मिनिटांत परत जोडला गेला. जर्मन विद्यापीठ आलं, नमस्कार करून पत्ते मागून गेलं. ठिपका परत आला, नागपुरातच.

चंद्रपूर-गडचिरोलीत आणखी कोणी नोड चालवत असेल आणि मधल्या काळात तुकूमची एक जोडणी विनाकारण तुटली असेल, तर तुमचा काही दोष नव्हता. पुन्हा जोडून पाहा. पोर्ट ८३३३ उघडं आहे. फक्त दुपारी कूलर पलंगाकडे असतो, तेव्हा उत्तर जरा उशिरा येईल.